नाव एक, आत दुसरेच: लिनक्सवर फाइलचा खरा प्रकार शोधणे आणि चुकीचे एक्स्टेन्शन दुरुस्त करणे

लिनक्स वापरणाऱ्या ज्या कचेऱ्यांत बाहेरून रोज मजकूर आणि छायाचित्रे येतात, उदाहरणार्थ एखाद्या दिवाळी अंकाचे किंवा साप्ताहिकाचे संपादकीय कार्यालय, तिथे एक तक्रार अधूनमधून नव्याने डोके वर काढते. फाइलवर डबल-क्लिक केले तर ती उघडत नाही, किंवा उघडते ती भलत्याच प्रोग्रॅममध्ये. चिन्ह छायाचित्राचे दिसते, पण छायाचित्र दाखवणारा प्रोग्रॅम 'ही जेपीईजी फाइल नाही' असे सांगून हात वर करतो. आणि तीच फाइल ब्राउझरमध्ये ओढून टाकली की निमूट उघडते. मग कोणीतरी नावाच्या शेवटची अक्षरे बदलून पाहते, कधी ते जमते, कधी जमत नाही, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी फाइल तेच दुखणे घेऊन हजर होते. पुढे दिलेली पद्धत उबंटू, डेबियन, मिंट, फेडोरा अशा नेहमीच्या सर्व वितरणांवर चालते. कमांडची, पर्यायांची आणि फोल्डरांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावयाची आहेत.

दुखण्याचे मूळ असे की 'ही फाइल कोणत्या प्रकारची आहे' या प्रश्नाचे उत्तर लिनक्सवर दोन वेगवेगळ्या यंत्रणा देतात आणि त्यांच्या पाहण्याच्या दिशा एकमेकींच्या उलट आहेत. डेस्कटॉपवरचा फाइल मॅनेजर आधी नाव पाहतो आणि नावावरून निर्णय होत नसेल तरच आत डोकावतो. टर्मिनलवरची 'फाइल' ही कमांड मात्र नावाकडे ढुंकूनही न पाहता थेट आतले बाइट वाचते. दोघांचे उत्तर जुळते तोवर कोणाच्या काही लक्षात येत नाही. ते जुळत नाही तेव्हाच वरची तक्रार उद्भवते, म्हणून दोघांनाही एकेकदा विचारल्याशिवाय नाव बदलण्याच्या किंवा नवा प्रोग्रॅम बसवण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लेखी तर एक्स्टेन्शन नावाची वेगळी गोष्टच नाही. टिंब आणि त्यापुढची अक्षरे ही नावाचाच भाग असतात, आणि नाव म्हणजे तिरकी रेघ व शून्य बाइट वगळून कोणतेही बाइट. एखादी फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवायची असेल तरी कर्नेल आधी ती चालवण्याची परवानगी आहे का हे पाहते आणि मग सुरुवातीचे बाइट तपासते: पहिला बाइट ७एफ आणि त्यापुढे ई, एल, एफ ही अक्षरे असतील तर तो तयार प्रोग्रॅम, आणि सुरुवात हॅश व उद्गारचिन्हाने असेल तर ती स्क्रिप्ट, जिचा दुभाषी त्याच ओळीत पुढे लिहिलेला असतो. स्क्रिप्टच्या नावामागे 'डॉट-एसएच' लावले काय किंवा न लावले काय, तिच्या चालण्यात काही फरक पडत नाही.

फाइल कमांड बरीच जुनी आहे. १९७३ सालच्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेतही तिची नोंद आहे. आज लिनक्सवर असलेली मुक्त आवृत्ती इयन डार्विन यांनी १९८० च्या दशकात लिहिली आणि पुढे ख्रिस्तोस झुलास यांनी तिची देखभाल केली. ती तीन टप्प्यांत तपासते. पहिल्या टप्प्यात फाइल प्रणालीला विचारून ही साधी फाइल आहे, फोल्डर आहे, सिम्बॉलिक लिंक आहे की रिकामी आहे हे ठरवते. दुसऱ्या टप्प्यात ठरावीक जागी असणारे ओळखीचे बाइट एका मोठ्या यादीशी ताडून पाहते. आणि तेवढ्याने काम झाले नाही तर हा मजकूर आहे का, असल्यास कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत) आहे, याचा अंदाज करते. ज्या टप्प्यावर उत्तर मिळते तिथे ती थांबते. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पहिल्या दोन टप्प्यांचे उत्तर सहसा भरवशाचे असते आणि तिसऱ्याचे उत्तर हा केवळ अंदाज असतो.

डेस्कटॉपची यंत्रणा निराळी आहे. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई हे सर्व डेस्कटॉप फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या सामायिक माइम माहितीसंचावर अवलंबून असतात (माइम म्हणजे फाइलच्या प्रकारांना दिलेली ठरावीक नावे, उदाहरणार्थ 'इमेज/जेपीईजी'). त्याची मुख्य एक्सएमएल फाइल 'यूएसआर/शेअर/माइम/पॅकेजेस' या फोल्डरात सापडते आणि तिच्यात प्रत्येक प्रकारासाठी नावाचे नमुने व आतल्या बाइटच्या खुणा अशा दोन्ही गोष्टी नोंदलेल्या असतात. त्या संचाच्या नियमांनुसार आधी नावाचा नमुना जुळवायचा, आणि एकही नमुना जुळला नाही किंवा सारख्याच वजनाचे अनेक जुळले, तरच फाइल उघडून बाइट पाहायचे. हजारो फाइलींचे फोल्डर झटपट दाखवायचे असेल, किंवा फाइली नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रावर असतील, तर प्रत्येक फाइल उघडून वाचणे परवडणारे नसते, म्हणून हा क्रम समजण्यासारखा आहे. त्याची किंमत मात्र अशी की एक्स्टेन्शन खोटे असेल तर फाइल मॅनेजर ते खरे मानून चालतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मुखपृष्ठासाठी आलेल्या छायाचित्राचे नाव 'मुखपृष्ठ.जेपीजी' आहे आणि आय ऑफ ग्नोम हा प्रोग्रॅम ते उघडताना सांगतो की ही जेपीईजी फाइल नाही, तिची सुरुवात ०एक्स५२ ०एक्स४९ अशी आहे. बहुतेक लोक हा संदेश न वाचताच खिडकी बंद करतात. वास्तविक सगळे उत्तर त्यातच असते. ५२ आणि ४९ हे षोडशमान पद्धतीत आर आणि आय या अक्षरांचे अंक आहेत, म्हणजे फाइल 'आरआयएफएफ' या शब्दाने सुरू होत असणार, आणि छायाचित्र म्हणून आलेली आरआयएफएफ फाइल ही जवळजवळ नेहमी वेबपी या चित्रप्रकाराची असते. खात्रीसाठी टर्मिनलवर फाइल कमांड चालवली की 'वेब/पी इमेज' असे उत्तर रुंदी व उंचीसह मिळते. त्याच फाइलबद्दल डेस्कटॉपला विचारण्यासाठी 'जिओ इन्फो' कमांडला 'स्टँडर्ड::कंटेंट-टाइप' हा गुणधर्म मागावा, किंवा 'एक्सडीजी-माइम क्वेरी फाइलटाइप' वापरावी. ती 'इमेज/जेपीईजी' म्हणेल. इथे एक बारकावा आहे: एक्सडीजी-माइम ही स्वतः काही ठरवत नाही, ती चालू असलेल्या डेस्कटॉपच्या यंत्रणेला विचारते आणि डेस्कटॉप चालू नसेल तर फाइल कमांडचा आधार घेऊ शकते. त्यामुळे दूरच्या संगणकावर एसएसएचने जाऊन विचारलेले उत्तर आणि समोरच्या डेस्कटॉपवरचे उत्तर वेगळे आले तर गोंधळून जाऊ नये.

त्याच संदेशात ०एक्स८९ ०एक्स५० असे अंक असतील तर आत पीएनजी आहे. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे: ८९, ५०, ४ई, ४७, ०डी, ०ए, १ए, ०ए. पहिला बाइट सात बिटांत न मावणारा निवडला आहे, म्हणजे आठवा बिट गाळणाऱ्या जुन्या मार्गाने फाइल गेली असेल तर ते पहिल्याच बाइटवर उघडकीस येते. मग पी, एन, जी ही अक्षरे येतात. त्यानंतरचे ०डी ०ए आणि शेवटचा ०ए हे ओळ संपल्याच्या खुणांचे दोन प्रकार आहेत. कोणा प्रोग्रॅमने फाइलला मजकूर समजून त्या खुणा बदलल्या असतील तर या जागी तेही दिसते. मधला १ए हा डॉसच्या पडद्यावर फाइल छापली असता तिथेच थांबवणारा बाइट आहे. केवळ प्रकार ओळखण्यासाठी नव्हे तर वाटेत झालेली मोडतोड पकडण्यासाठी रचलेली अशी सही क्वचितच पाहायला मिळते.

स्वतःच्या डोळ्यांनी बाइट पाहायचे असतील तर 'एक्सएक्सडी' कमांडला '-एल १६' हा पर्याय देऊन पहिले सोळा बाइट काढावेत. ती कमांड संगणकावर नसेल तर 'ओडी' सर्वत्र असतेच. नित्याच्या कामाला थोड्याच खुणा पुरतात. जेपीईजी एफएफ डी८ एफएफ ने सुरू होते. पीडीएफ टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी. जीझिप १एफ ८बी ने. झिप पी आणि के या अक्षरांनी, जी तिचे कर्ते फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत. आयफोनवरून येणाऱ्या हाइक छायाचित्रांत पहिले चार बाइट सोडून पुढे 'एफटीवायपी' आणि त्यानंतर 'एचईआयसी' अशी अक्षरे दिसतात. टार संग्रहाची खूण तर सुरुवातीला नसतेच. ती २५७ बाइट सोडून पुढे, 'यूस्टार' या अक्षरांत असते, म्हणून केवळ पहिली ओळ पाहून टार फाइलला निकामी ठरवू नये.

प्रकार कळल्यावर प्रश्न उरतो नाव बदलायचे की रूपांतर करायचे. नाव बदलल्याने आतला एकही बाइट हलत नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. वेबपी फाइलचे एक्स्टेन्शन वेबपी केले, तर फाइल मॅनेजर तिला योग्य प्रोग्रॅमकडे पाठवील आणि पाहण्यापुरते काम संपेल. ती पुढे अशा ठिकाणी जाणार असेल जिथे वेबपी चालत नाही, उदाहरणार्थ जुना पृष्ठमांडणीचा प्रोग्रॅम, तर रूपांतर करणे भाग आहे आणि त्यासाठी इमेजमॅजिक पुरेसे आहे. छपाईसाठी रूपांतर करताना जेपीईजीऐवजी टिफ किंवा पीएनजी निवडावे, कारण आधीच एकदा दाबलेले चित्र पुन्हा जेपीईजीत दाबले की बारकावे आणखी पुसट होतात. हाइकसाठी 'लिबहाइफ' ही लायब्ररी आणि तिच्याबरोबरची रूपांतराची साधने बसवावी लागतात. नुसते एक्स्टेन्शन जेपीजी करून काही साधत नाही. खरे सांगायचे तर व्हॉट्सअॅपवरून आलेल्या लहान चित्रावर एवढे कष्ट घेण्यापेक्षा छायाचित्रकाराकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा मागवणे केव्हाही बरे.

कार्यालयीन दस्तऐवजांचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे, कारण तिथे अनेक प्रकारांची बाहेरची पेटी एकच असते. डीओसीएक्स, एक्सएलएसएक्स, ओडीटी, ईपब, अँड्रॉइडचे एपीके आणि जावाचे जार हे सर्व तत्त्वतः झिप संग्रहच आहेत. ओडीटी आणि ईपबमध्ये 'माइमटाइप' नावाची छोटी नोंद सर्वांत आधी आणि न दाबता ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे फाइल कमांड त्यांना बिनचूक ओळखते. डीओसीएक्सच्या बाबतीत आतल्या नोंदींच्या क्रमावरून तर्क करावा लागतो. नेहमीच्या प्रोग्रॅमने तयार केलेली फाइल 'मायक्रोसॉफ्ट वर्ड २००७+' अशी ओळखली जाते, पण एखाद्या संकेतस्थळाने किंवा मोबाइल अॅपने नोंदी वेगळ्या क्रमाने लिहिल्या तर उत्तर नुसते 'झिप आर्काइव्ह' येते. अशा वेळी 'अनझिप -एल' ने आतली यादी पाहावी: 'वर्ड' नावाचे फोल्डर दिसले तर डीओसीएक्स, 'एक्सएल' दिसले तर एक्सएलएसएक्स. जुन्या डीओसी आणि एक्सएलएस फाइली डी० सीएफ ११ ई० ने सुरू होतात आणि फाइल कमांड त्यांना 'कम्पोझिट डॉक्युमेंट' म्हणते. डीओसी असे नाव असूनही महिरपी कंस, उलटी तिरकी रेघ आणि आरटीएफ ही अक्षरे सुरुवातीला दिसली तर ती रिच टेक्स्ट फाइल समजावी. लिबरऑफिस ती विनातक्रार उघडते.

दोन फसवे प्रकार इतक्यांदा भेटतात की ते वेगळे नोंदवायला हवेत. पहिला, संकेतस्थळावरून उतरवलेला 'पीडीएफ', जो उघडताना प्रोग्रॅम फाइल खराब असल्याचे सांगतो आणि फाइल कमांड मात्र 'एचटीएमएल डॉक्युमेंट' असे उत्तर देते. लॉगिनची मुदत संपल्यावर संकेतस्थळाने दस्तऐवजाऐवजी लॉगिनचे पान पाठवलेले असते आणि ब्राउझरने किंवा 'डब्ल्यूगेट'ने ते सांगितलेल्या नावाने जतन केलेले असते. यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही; पुन्हा लॉगिन करून फाइल नव्याने उतरवावी. दुसरा, बँकेचा किंवा एखाद्या पोर्टलचा 'एक्सएलएस' अहवाल, जो प्रत्यक्षात एचटीएमएलचा तक्ता किंवा टॅबने विभागलेला मजकूर असतो. मजकूर असल्यास लिबरऑफिस कॅल्क आयातीची खिडकी दाखवते. तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि विभाजक टॅब निवडला की काम होते. खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये टिकवायची असतील तर तो स्तंभ 'मजकूर' म्हणून आणण्यास विसरू नये.

मराठी मजकुराच्या फाइलींना स्वतंत्र विचार लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांतले पहिले दोन ई० ए४ किंवा ई० ए५ असतात, त्यामुळे एक्सएक्सडीच्या छापात ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली की मजकूर युनिकोडमध्ये आहे याची खात्री बाळगावी. सुरुवात एफएफ एफई ने असेल आणि दर दुसरा बाइट बहुतेक ०९ असेल, तर तो विंडोजच्या जुन्या नोटपॅडने 'युनिकोड' नावाखाली जतन केलेला यूटीएफ-१६ आहे. 'आयकॉन्व्ह'ने तो यूटीएफ-८ मध्ये आणता येतो. पण फाइल कमांड 'आयएसओ-८८५९' किंवा 'नॉन-आयएसओ एक्स्टेंडेड-आस्की' असे म्हणत असेल आणि लेखक 'मी मराठीतच टाइप केले आहे' असे सांगत असेल, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या जुन्या सुरेखसारख्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर हा देवनागरी आकारांना नेमून दिलेल्या लॅटिन बाइटांचा असतो. त्याला आयकॉन्व्हचे कोणतेही एन्कोडिंग लागू पडत नाही, एक्स्टेन्शन बदलण्याचा तर प्रश्नच नाही. त्या विशिष्ट फाँटसाठी लिहिलेला परिवर्तकच वापरावा लागतो आणि त्यासाठी आधी फाँटचे नाव कळायला हवे.

साध्या मजकुराच्या फाइलमध्ये फाँटचे नाव नसतेच, ते पाठवणाऱ्याला विचारावे लागते. डीओसीएक्समध्ये मात्र ते शोधून काढता येते. 'अनझिप -पी' ला फाइलचे नाव आणि 'वर्ड/फाँटटेबल.एक्सएमएल' हा आतला मार्ग दिला की त्या दस्तऐवजातील सर्व फाँटची नावे पडद्यावर येतात. त्यांत 'श्री-देव-०७१४' किंवा 'डीव्हीबी-टीटी'ने सुरू होणारे नाव दिसले की निदान झाले: फाइल धडधाकट आहे, प्रकारही बरोबर ओळखला गेला आहे, फक्त मजकूर युनिकोडमध्ये नाही. अशी फाइल फाइल कमांडच्या दृष्टीने पूर्णपणे निर्दोष ठरते, म्हणून 'तपासले, सगळे ठीक आहे' एवढ्यावर समाधान मानून ती मुद्रितशोधकाकडे पाठवू नये.

फाइल कमांडच्या अंदाजालाही मर्यादा आहे. मजकूर फार लांब असेल तर ती एन्कोडिंग ठरवण्यासाठी केवळ सुरुवातीचा भाग वाचते. वर्गणीदारांच्या सीएसव्ही यादीत आधी इंग्रजी पत्त्यांचे लांबलचक भाग आणि खाली मराठी नावे असतील तर उत्तर 'आस्की' असे येऊ शकते. शंका असल्यास 'आयकॉन्व्ह'ला यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच रूपांतर करायला सांगून पाहावे. संपूर्ण फाइल वैध असेल तर ती मुकाट पार पडते, नसेल तर कितव्या बाइटवर अडली ते सांगते.

एक्स्टेन्शनच नसलेल्या फाइलींचा ढीग दोन वाटांनी येतो. एक वाट मोबाइलची: व्हॉट्सअॅपच्या फोल्डरातून थेट उचललेल्या काही दस्तऐवजांची नावे 'डीओसी', तारीख, क्रमांक आणि शेवटी नुसते टिंब अशी असतात. दुसरी वाट दुरुस्तीची: वीज गेल्यानंतर डिस्क तपासणी झाली की 'लॉस्ट+फाउंड' या फोल्डरात हॅश आणि क्रमांक एवढेच नाव असलेल्या फाइली जमतात. हे ढीग हाताने उपसण्याची गरज नाही. बॅश शेलमध्ये एक लूप लिहून प्रत्येक फाइलसाठी 'फाइल -बी --माइम-टाइप'चे उत्तर घ्यावे, आणि 'केस' रचनेत आपल्याला लागणाऱ्या मोजक्याच जोड्या लिहाव्यात: इमेज/जेपीईजी असेल तर जेपीजी, अॅप्लिकेशन/पीडीएफ असेल तर पीडीएफ, आणि ओळखीचे काहीच नसेल तर फाइलला हात न लावणे. फाइल कमांडला '--एक्स्टेन्शन' असाही पर्याय आहे, पण तो जेपीईजीसाठी तिरक्या रेघांनी जोडलेली चार एक्स्टेन्शने देतो आणि पुष्कळ प्रकारांसाठी नुसती तीन प्रश्नचिन्हे, म्हणून स्वयंचलित कामात मी तो वापरत नाही. नाव बदलणाऱ्या 'एमव्ही'ला '-एन' पर्याय द्यावा, म्हणजे त्याच नावाची दुसरी फाइल पुसली जाणार नाही. व्हेरिएबल दुहेरी अवतरणांत ठेवावे, कारण नावांत मोकळ्या जागा असतात. आणि पहिली फेरी 'एमव्ही'च्या आधी 'एको' लावून केवळ छापून पाहावी.

कधी एक्स्टेन्शन डोळ्यांना बरोबर दिसते आणि तरी ओळखले जात नाही. तेव्हा नावाच्या शेवटी मोकळी जागा आहे का हे 'एलएस -क्यू' ने पाहावे. ती अवतरणांत नाव छापते आणि शेवटची जागा उघडी पडते. मोठ्या आणि लहान लिपीचा भेद शेलला कळतो, त्यामुळे लहान अक्षरांत लिहिलेला 'सर्व जेपीजी' हा नमुना कॅमेऱ्यातून आलेल्या मोठ्या अक्षरांतल्या जेपीजी फाइली वगळतो. 'फाइंड'चा 'आयनेम' पर्याय अशा वेळी कामाला येतो. मराठी नावांत आणखी एक अदृश्य अडचण संभवते: 'र्‍य' मधला र लिहिण्यासाठी काही कळफलक मध्ये न दिसणारा जोडक घालतात आणि काही ऱ हे वेगळे अक्षर वापरतात, त्यामुळे पडद्यावर सारखी दिसणारी दोन नावे संगणकाला भिन्न असतात. नाव एक्सएक्सडीतून काढल्यास त्या जोडकाचे ई२ ८० ८डी हे बाइट दिसतात. टाइप करण्याऐवजी टॅब दाबून नाव पूर्ण करून घेणे हा त्यावरचा सोपा इलाज आहे.

एवढे वाचून एक्स्टेन्शन लिनक्सवर निरर्थक असते असा समज करून घेऊ नये. जीसीसी संकलक सी आणि सी++ मधला भेद नावावरूनच करतो, इतका की शेवटचे अक्षर लहान सी असेल तर एक भाषा आणि मोठे असेल तर दुसरी. इमेजमॅजिक वाचताना बाइट पाहते, पण लिहिताना कोणता प्रकार लिहायचा हे दिलेल्या नावावरून ठरवते. अपरिचित प्रत्यय असलेली फाइल उलगडायला जीझिप साफ नकार देते. पेन ड्राइव्हच्या फॅट प्रणालीत तर 'शोएक्झेक' या पर्यायाखाली खुद्द कर्नेलच ईएक्सई, कॉम आणि बॅट या तीन एक्स्टेन्शनांना चालवण्याची परवानगी देते, इतरांना नाही.

फाइलचा प्रकार दोन्ही यंत्रणांनी एकच सांगितला आणि तरीही ती भलत्या प्रोग्रॅममध्ये उघडत असेल, तर दोष फाइलचा नसून जोडणीचा आहे. 'एक्सडीजी-माइम क्वेरी डीफॉल्ट' पुढे माइम प्रकार लिहिला की सध्या नेमलेल्या प्रोग्रॅमची डेस्कटॉप नोंद मिळते. वापरकर्त्याची स्वतःची निवड होम फोल्डरातील 'डॉट-कॉन्फिग' मधल्या 'माइमअॅप्स.लिस्ट' या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते आणि तिला प्रणालीच्या सामाईक निवडीपेक्षा अग्रक्रम मिळतो. ती फाइल मॅनेजरमधून, एक्सडीजी-माइमने किंवा हाताने, कशीही बदलता येते.

हा बदल करूनही काही दिवसांनी जैसे थे होत असेल, तर विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनवर संशय घ्यावा. जुना विंडोज प्रोग्रॅम वाइनमध्ये बसवला किंवा वाइन अद्ययावत झाले, की ते आपल्या वतीने जोडण्या नोंदवते, आणि साध्या मजकुराची फाइल वाइनच्या नोटपॅडमध्ये उघडू लागते. 'डॉट-लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्स' मध्ये 'वाइन-एक्स्टेन्शन'ने सुरू होणाऱ्या डेस्कटॉप नोंदी आणि 'डॉट-लोकल/शेअर/माइम/पॅकेजेस' मध्ये 'एक्स-वाइन-एक्स्टेन्शन'ने सुरू होणाऱ्या एक्सएमएल फाइली सापडल्या, तर शंकेला जागाच उरत नाही. आधी 'वाइनसीएफजी'च्या डेस्कटॉप इंटिग्रेशन या भागात फाइल जोडण्या सांभाळण्याची खूण काढून टाकावी, मग त्या दोन्ही फोल्डरांतील नोंदी पुसाव्यात आणि शेवटी 'अपडेट-माइम-डेटाबेस' ही कमांड 'डॉट-लोकल/शेअर/माइम' वर ('पॅकेजेस' वर नव्हे) आणि 'अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस' ही 'डॉट-लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्स' वर चालवावी. क्रम उलटा केला तर पुसलेल्या नोंदी पुढच्या वेळी पुन्हा उगवतात, आणि वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारीचे कारण अनेकदा एवढेच निघते.

शेवटी राहतात त्या फाइली, ज्यांच्याबद्दल फाइल कमांड केवळ 'डेटा' एवढेच म्हणते. हे उत्तर म्हणजे अपयश नाही. ओळखीची कोणतीही खूण आढळली नाही एवढाच त्याचा अर्थ. आकार शून्य असेल तर तीच कमांड 'एम्प्टी' म्हणते, तेव्हा फाइल वाटेत हरवली आहे. सोळा बाइटांच्या छापात सगळी शून्ये दिसली तर जागा राखली गेली पण मजकूर लिहिला गेलाच नाही, जे पेन ड्राइव्ह 'सेफली रिमूव्ह' न करता ओढून काढल्यावर हमखास होते. बाइट पूर्णपणे विस्कळीत दिसत असतील आणि कुठेही वाचता येण्याजोगे शब्द नसतील, तर फाइल कूटबद्ध असू शकते किंवा एखाद्या मोठ्या संग्रहाचा मधला तुकडा असू शकते. पाठवणाऱ्याने मोठी फाइल भागांत तोडून पाठवली होती का, हे त्याला विचारावे. त्याच्याकडे मूळ फाइल असेल तर दोन्हीकडे 'एसएचए२५६सम' ही फाइलच्या मजकुरावरून पडताळणीचा आकडा काढणारी कमांड चालवून आकडे ताडून पाहावेत. ते जुळले नाहीत तर बिघाड वाटेत झाला आहे, आणि फाइल पुन्हा मागवावी. ते जुळले तर ती पाठवणाऱ्याकडेच त्या अवस्थेत आहे, आणि ती ज्या प्रोग्रॅमने तयार केली त्याचे नाव आवृत्तीसह कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही.